वापरलेल्या बुटांचे विक्रीसाठी फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून घरबसल्या, मोबाईलच्या आधारे जुने बूट विकणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. दुकानात गिऱ्हाईक बूट हातात घेते, उलटा करून तळ पाहते, चवड्यापाशी वाकवते, आत हात घालते आणि कोणी पाहत नाही असे वाटल्यास वासही घेते. ऑनलाइन विक्रीत यांपैकी काहीच शक्य नसते. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हाताने जे केले असते ते सर्व फोटोने करून दाखवावे लागते, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

यासाठी चांगला कॅमेरा विकत घ्यावा लागतो का?

नाही. गेल्या पाच-सहा वर्षांतला कोणताही साधा स्मार्टफोन पुरेसा आहे. फक्त फोटो काढण्यापूर्वी त्याच्या मागच्या कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसून घ्यावी. दिवसभर खिशात आणि हातात राहिलेल्या फोनच्या काचेवर घामाचा आणि तेलाचा पातळ थर बसतो, आणि ‘माझ्या फोनचे फोटो धुरकट येतात’ अशी तक्रार करणाऱ्या निम्म्याअधिक लोकांचे काम या पुसण्यानेच होते.

फोटो काढण्याआधी बूट कितपत स्वच्छ करावेत?

धूळ, चिखल आणि वास पूर्ण जावा, परंतु वापराच्या खुणा लपू नयेत, इतपत. आपल्याकडची काळी माती ओली असताना तळाच्या खाचांत घट्ट बसते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. ती ओल्या फडक्याने चोळत बसण्यापेक्षा पूर्ण वाळू द्यावी, लाकडी काडीने किंवा जुन्या टूथब्रशच्या मागच्या टोकाने उकरून काढावी आणि मगच कोमट पाण्याने तळ घासावा. ओल्या अवस्थेत घासल्यास तीच माती पांढऱ्या कडांवर पसरते आणि करडा डाग कायमचा राहतो.

नाड्या नेहमी काढून वेगळ्या धुवाव्यात. मळकी नाडी चांगल्या बुटालाही म्हातारे करते. नाड्या फारच गेल्या असतील तर नवीन घालाव्यात, मात्र तसे वर्णनात लिहावे. कापडी आणि जाळीच्या बुटांना सौम्य साबण आणि मऊ ब्रश चालतो. स्वेड, म्हणजे लव असलेल्या चामड्याला पाणी लावू नये, त्याला कोरडा ब्रश एकाच दिशेने फिरवावा.

वाळवण्याच्या बाबतीत खान्देशात विशेष काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात गच्चीवर किंवा पत्र्यावर ठेवलेले बूट तासाभरात वाळतात हे खरे, परंतु त्या तापमानाला तळ चिकटवणारा डिंक मऊ पडतो, चामडे कडक होते आणि जाळी आखडते. फोटोत सुंदर दिसलेला बूट गिऱ्हाइकाच्या पायात आठ दिवसांत तोंड उघडतो. म्हणून बूट सावलीत, वारा लागेल अशा जागी, आत कागदाचे बोळे घालून वाळवावेत. पांढरे अस्तर असल्यास वर्तमानपत्राऐवजी कोरा कागद वापरावा, कारण छपाईची शाई ओल्या कापडाला लागते. हेच बोळे फोटोच्या वेळी आत राहू दिल्यास बुटाचा आकार भरलेला दिसतो. आतल्या गादीचा फोटो घेताना तेवढे काढून ठेवावेत.

फोटो घराबाहेर काढावेत की घरात? कोणत्या वेळी?

ना भर उन्हात, ना घराच्या आतल्या अंधारात. दोहोंच्या मधली जागा, म्हणजे ओसरी, ओटा, जिन्याखालची मोकळी जागा किंवा उघड्या दारापासून दोन-तीन फूट आत, ही सर्वांत उत्तम. थेट ऊन बुटावर पडले की उजेडाचा भाग पांढराफटक आणि सावलीचा भाग काळाकुट्ट होतो, शिवण दिसत नाही आणि रंगही खरा राहत नाही. उजेड मोठ्या, मोकळ्या जागेतून आणि एका बाजूने यावा. मग सुरकुत्या, टाके, घासलेली जागा हे सारे आपोआप उठून दिसते.

उत्तरेकडच्या दाराचा किंवा खिडकीचा उजेड सर्वांत समान असतो, असे छायाचित्रकार सांगतात आणि ते हिवाळ्यात अगदी खरे आहे. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे त्यात थोडी भर घालावी लागते. जळगाव आणि धुळे ही शहरे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारीही किंचित उत्तरेकडे राहतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सायंकाळी तर उत्तरेच्या दारातूनही तिरपे ऊन आत शिरते. त्या दिवसांत दारावर पांढरी चादर किंवा जुने पांढरे धोतर टांगावे. त्यातून गाळून येणारा उजेड स्टुडिओच्या दिव्याहून फार कमी प्रतीचा नसतो.

हिवाळ्यात सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी तीन ते साडेचार या वेळा सोयीच्या. पावसाळ्यात ढगाळ आकाश असेल तर दिवसभर चालते, किंबहुना बुटांच्या फोटोसाठी आषाढातले पांढरट आभाळ मला सर्वांत आवडते. मे महिन्यात दुपारी बाहेर काम करू नये. माणसाचे जाऊ द्या, पण फोनही तापतो, पडदा मंद होतो आणि काही वेळा कॅमेराच बंद पडतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. अंगणावर हिरवी शेडनेट किंवा निळे ताडपत्रीचे छत असेल तर त्याखालचा उजेडही हिरवा-निळा असतो. डोळ्याला त्याची सवय होते, पण कॅमेऱ्याला होत नाही. शेजारची गुलाबी भिंतसुद्धा पांढऱ्या बुटाच्या एका बाजूला गुलाबी करते.

दिवसा नोकरी असते. रात्रीच फोटो काढायचे असतील तर काय करावे?

शक्यतो रविवारची वाट पाहावी. तेही शक्य नसेल तर निदान एकाच जातीचा दिवा वापरावा. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा आणि पांढऱ्या ट्यूबचा सुमारे ६५०० केल्विनचा असतो. दोन्ही एकत्र लावले की बुटाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर येते, आणि ते नंतर सुधारता येत नाही. पांढरी ट्यूब एकटी लावावी, तिच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करून उजेड परतवावा आणि फोन कशाला तरी टेकवून तीन सेकंदांच्या टायमरने फोटो घ्यावा, म्हणजे हात हलणार नाही. फोटोवर आडवे गडद पट्टे आले तर फोन बिघडला असे समजू नये. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि कॅमेरा ते टिपतो; दिवा बदलला की पट्टे जातात.

फोनचा फ्लॅश वापरू नये. चामड्यावर पांढरा ठिपका येतो, मागे काळी सावली पडते आणि बूट चोरून आणल्यासारखा दिसतो.

मागे आणि खाली काय ठेवावे?

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पांढरा किंवा फिकट करडा मोठा कार्डशीट कागद पुरेसा आहे. त्याचे एक टोक भिंतीला चिकटपट्टीने लावावे आणि उरलेला कागद घडी न पाडता गोलाईने खाली जमिनीवर सोडावा, म्हणजे भिंत आणि जमीन यांच्यामधली रेघ दिसत नाही आणि नजर बुटावरच राहते. बूट कागदाच्या पुढच्या भागात ठेवावा, भिंतीला चिकटवून नव्हे.

कागद नसेल तर स्वच्छ शहाबादी फरशी चालते. गर्द रंगाच्या बुटांना तर ती शोभते. फुलाफुलांची चादर, गोधडी आणि चकचकीत टाइल्स टाळाव्यात. टाइलमध्ये खिडकीचे आणि कधी कधी फोटो काढणाऱ्याचे पायजम्यासकट प्रतिबिंब पडते. बूट जेवणाच्या ताटाशेजारी, देवघरासमोर किंवा पलंगावर ठेवून काढलेले फोटो मी पाहिले आहेत. आपल्या माणसांना पादत्राण अशा जागी पाहून मनात अढी बसते आणि ते कारण न सांगता पुढे जातात.

पांढरे बूट फोटोत मळकट आणि काळे बूट राखाडी का येतात?

कारण कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या कागदावर पांढरा बूट ठेवला की त्याला उजेड फार वाटतो आणि तो फोटो अंधुक करतो. काळ्यावर काळा ठेवला की उलट घडते. उपाय सोपा आहे. पडद्यावर बुटावर बोट काही क्षण दाबून धरावे, म्हणजे बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो आणि शेजारी सूर्याचे लहान चिन्ह दिसते. पांढऱ्या बुटासाठी ते थोडे वर, काळ्यासाठी थोडे खाली सरकवावे. पांढऱ्यावरची शिवण पुसट होऊ लागली की तिथेच थांबावे.

बुटाचे नाक अवाढव्य आणि टाच लहान दिसते. असे का होते?

फोन फार जवळ नेल्यामुळे. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसणे हा नियमच आहे, आणि अतिरुंद दृश्याच्या ०.५ च्या लेन्सने तो अधिकच जाणवतो. चार-पाच फूट मागे सरकावे, दुप्पट झूम करावे आणि फोन बुटाच्या उंचीवर आणावा, म्हणजे उकिडवे बसावे किंवा बूट स्टुलावर ठेवावा. उभ्याने वरून काढलेला फोटो घालणाऱ्याला दिसतो तसा असतो. विकत घेणाऱ्याला बूट बाजूने पाहायचा असतो.

एका जोडीचे किती फोटो आणि कोणकोणत्या बाजूंनी घ्यावेत?

आठ ते दहा. पहिला फोटो तिरक्या कोनातून दोन्ही बुटांचा असावा, कारण यादीत तोच दिसतो आणि त्यावरच बोट पडते किंवा पुढे सरकते. त्यानंतर बाहेरची बाजू, आतली बाजू, समोरून नाक, मागून टाच, वरून तोंड आणि आतली गादी, जिभेवरचे लेबल, आणि दोन्ही तळ शेजारी शेजारी.

यांतल्या तळाच्या फोटोकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते आणि जाणकार गिऱ्हाईक सर्वांत आधी तोच मागते. आपल्याकडे पहाटे मैदानांवर पोलीस भरतीचा सराव करणारी मुले धावताना दिसतात. शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावायचे असते. धावण्याच्या वापरलेल्या बुटांचे ही मुले मोठे गिऱ्हाईक आहेत. त्यांना रंगाशी फारसे देणेघेणे नसते. टाचेची बाहेरची कड किती झिजली आहे आणि चवड्याखालच्या खाचा किती खोल उरल्या आहेत, एवढेच त्यांना पाहायचे असते. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेनेच आधी टेकते, म्हणून तिथली झीज पहिल्यांदा दिसते. तळाचा फोटो समोरून सपाट उजेडात घेतल्यास खाचांची खोली कळत नाही. उजेड एका बाजूने, अगदी खालून येऊ द्यावा, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते आणि शिल्लक रबर किती ते स्पष्ट दिसते.

उजवा आणि डावा दोन्ही दाखवावेत. एकाच बुटाचे सहा फोटो पाहिले की दुसऱ्यात काहीतरी गडबड आहे, अशी शंका येणे साहजिक आहे.

साईज फक्त लिहिली तर चालत नाही का?

लिहावी, पण लेबलचा वाचता येईल असा फोटोही द्यावा. यूके, यूएस आणि युरोप यांचे आकडे वेगळे असतात आणि युरोपीय आकडा कंपनीगणिक बदलतो; एका कंपनीचा यूके ८ हा ४२ असतो, तर दुसरीचा ४२.५. ‘८ नंबर’ एवढेच लिहिल्यास तो यूके की यूएस हे विचारणारे दहा संदेश येतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे गादी बाहेर काढून तिच्याशेजारी शाळेची मोजपट्टी ठेवून, बरोबर वरून फोटो घेणे. लेबल घासून गेले असेल तर हा फोटो अनिवार्यच समजावा.

दोष दाखवले तर गिऱ्हाईक पळून जाणार नाही का?

काही जण जातील, आणि त्यांनी घरबसल्या जाणे हे त्यांनी आपल्या दारात येऊन जाण्यापेक्षा बरे. याबाबतीत माझी स्वतःची चूक सांगण्यासारखी आहे. मी एक क्रीम रंगाची कॅनव्हासची जोडी विकायला ठेवली होती. उजव्या बुटाचे कापड करंगळीपाशी विरले होते, पण भोक पडलेले नव्हते. त्यामुळे बाहेरच्या बाजूच्या फोटोत ते दिसत नव्हते आणि मीही त्याचा उल्लेख केला नाही. चोपड्याहून एक गृहस्थ एस.टी.ने जळगावला आले. त्यांनी बूट हातात घेऊन पहिले काम केले ते हे, की आत हात घातला आणि बोटाने कापड आतून दाबले. विरलेल्या जागेतून त्यांचे बोट मला बाहेरून दिसले. त्यांनी भावही केला नाही. बूट ओट्यावर ठेवला, पाणी प्यायले आणि निघून गेले.

त्यानंतर मी त्याच जागेचा, आतून बोट दाबून धरलेला फोटो काढला आणि तो चौथ्या क्रमांकावर लावला. तीच जोडी पुढच्या आठवड्यात मागितलेल्या किमतीपेक्षा पन्नास रुपये कमीने विकली गेली, आणि घेणाऱ्याने एकही प्रश्न विचारला नाही.

दोषाचे फोटो दोन घ्यावेत. एक लांबून, म्हणजे तो बुटावर नेमका कुठे आहे ते कळते. दुसरा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून, म्हणजे तो केवढा आहे ते कळते. केवळ जवळून घेतलेला फोटो नखाएवढा ओरखडाही दरीसारखा दाखवतो.

बूट फारसा घातलेलाच नाही, पण तीन-चार वर्षे खोक्यात पडून होता. तो ‘नवा’ म्हणून दाखवावा का?

नाही, आणि फोटो काढण्याआधी तो एकदा तपासावा. अनेक बुटांचा मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ हळूहळू विघटित होतो आणि उष्णतेने ती क्रिया वेग घेते. न घातलेला बूटही असा आतून मरतो. अंगठ्याने दाबल्यावर भुगा पडतो किंवा बारीक तडे उमटतात. पावसाळ्याचा दमटपणा आणि नंतरचा उन्हाळा माळ्यावर काढलेल्या खोक्याबाबत तर हा धोका अधिकच. बूट चवड्यापाशी वाकवून मधल्या थराचा जवळून फोटो घ्यावा आणि खरेदीचे वर्ष लिहावे. तडे असतील तर तो बूट विकू नये.

फिल्टर किंवा एडिटिंग चालते का?

फोटो सरळ करणे, कडा कापणे आणि उजेड थोडा वाढवणे चालते. रंग बदलणे, पिवळी पडलेली पांढरी कड शुभ्र करणे आणि सुरकुत्या पुसणे चालत नाही. फोनमधला ‘ब्युटी’ प्रकार बंद असल्याची खात्री करावी. एडिट केल्यावर फोटो आणि प्रत्यक्ष बूट एकाच उजेडात शेजारी धरून पाहावेत. फरक वाटला तर मूळ फोटोच लावावा.

पायात घालून फोटो द्यावा का?

एखादा द्यावा, घोट्यापर्यंतचा आणि स्वच्छ मोजे घालून. उंच टाचांच्या सँडल आणि घोट्यावर येणारे बूट पायात कसे दिसतात हे त्याशिवाय कळत नाही.

मोजडी, कोल्हापुरी आणि सेफ्टी शूज यांच्यासाठी वेगळे काही करावे लागते का?

लग्नात नवरदेवाने एकदाच घातलेली मोजडी ही आपल्याकडे हमखास विकली जाणारी वस्तू आहे. तिच्या जरीवर थेट उजेड पडला की सोनेरी डाग तेवढे दिसतात, म्हणून उजेड बाजूनेच असावा. तळावर मांडवातली हळद-कुंकवाची किंवा अक्षतांची खूण असेल तर पुसून घ्यावी. कोल्हापुरीला पाणी न लावता कोरड्या फडक्याने पुसावे आणि अंगठ्याच्या पट्ट्याची शिवण व तळातल्या थरांची कड जवळून दाखवावी. तीच आधी सुटते. सेफ्टी शूजमध्ये नाकाच्या पोलादी टोपीवर पोचा आहे का आणि तळावर तेलाने फुगवटा आला आहे का, हे दाखवावे.

‘असली शे का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. फोटोतून उत्तर कसे द्यावे?

लेबलवरील मॉडेलचा कोड, खोक्यावरचा तोच कोड आणि बिल असल्यास नाव व फोन नंबर झाकलेले बिल, हे तीन फोटो बहुतेक वेळा पुरतात. नायकेच्या लेबलवर सहा अक्षरे-अंक, आडवी रेघ आणि पुढे तीन अंक असा कोड असतो. घेणारा तो शोधून मॉडेल आणि रंग जुळतो का ते पाहू शकतो. केवळ कोड जुळला म्हणून बूट असली ठरत नाही, कारण नकल करणारे कोडही छापतात. म्हणून शिवण, डिंकाची रेघ आणि आतल्या गादीखालचा भागही दाखवावा. ‘फर्स्ट कॉपी’ असेल तर ती विकायला ठेवूच नये. खोटे व्यापारचिन्ह असलेला माल विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार गुन्हा आहे, आणि ‘कॉपी आहे’ असे प्रामाणिकपणे लिहिल्याने त्यातून सुटका होत नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावरचा चकचकीत फोटो उचलून लावू नये. तो फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि गिऱ्हाईकही तो ओळखते.

व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो धूसर का होतात?

पाठवताना त्यांचा आकार कमी केला जातो म्हणून. फोटो निवडल्यावर एचडीचा पर्याय घ्यावा किंवा तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाइलसोबत फोटो कुठे काढला त्याची माहितीही जाऊ शकते, म्हणजे अनोळखी माणसाला घराचा पत्ताच मिळतो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करून ठेवावे.

माझे फोटो कोणी दुसराच आपले म्हणून वापरत असेल तर?

हे घडते, आणि पूर्णपणे रोखता येत नाही. एक साधा उपाय मात्र उपयोगी पडतो. कागदाच्या चिठ्ठीवर आपले टोपणनाव आणि तारीख हाताने लिहावी, चिठ्ठी बुटाच्या तोंडात अर्धी खोचावी आणि मगच पहिला फोटो घ्यावा. फोटोवर नंतर टाकलेले नाव कापून काढता येते. बुटाच्या जिभेआड गेलेली चिठ्ठी काढणे तितके सोपे नसते. जाहिरात महिनाभर तशीच राहिली तर नवी तारीख घालून तेवढा एक फोटो पुन्हा काढावा, म्हणजे ‘अजून आहे का?’ हा संदेशही कमी येतो.